मामांची निवड

जगात वस्तू विकत घेणारी माणसं पोत्यानं सापडतील. वस्तू निवडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. तुम्ही-आम्ही दुकानात जातो, दोन वस्तू उलट्यासुलट्या करून बघतो, भाव पाडायचा एक दुबळा प्रयत्न करतो आणि पिशवी हलवत घरी येतो. मामांच्या मते ही खरेदी नव्हे, ही वस्तू गळ्यात पडणं झालं. मामा वस्तूला आधी लांबून बघतात, मग जवळून बघतात, मग तिच्याकडे पाठ करून उभे राहतात आणि एकदम वळून बघतात. ती बेसावध असताना कशी दिसते ते त्यांना पाहायचं असतं. सारी नोकरी त्यांनी वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर म्हणून काढली. तंजावर जिल्ह्यातले तराजू त्यांना पाहून थरथरायचे असं मामी सांगतात. निवृत्त झाल्यावर तो दरारा त्यांनी तराजूंवरून उचलला आणि उरलेल्या सृष्टीवर बसवला.

एकदा त्यांना छत्री हवी होती. दक्षिण वीथीवरच्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा बाहेर रखरखीत ऊन. मामा दुकानदाराला म्हणाले, "छत्री पावसाची, तर मज पावसांत दाखवा कीं." दुकानदार हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. थोड्या वेळानं तो स्वतः स्टुलावर उभा राहून मामांच्या डोक्यावर घागरीनं पाणी ओतत होता आणि मामा एकेका छत्रीखाली डोळे मिटून उभे राहत होते. रस्त्यावरच्या गाईसुद्धा थांबून बघायला लागल्या. शेवटी मामांनी निकाल दिला, "पाणी बेस अडवते, पण सावली कमी पडते हो." तेवढ्यात ऐप्पशीचा, म्हणजे तिकडच्या आश्विन-कार्तिकातला, पाऊस आला, कोसळला आणि निघूनही गेला. मामा अजून एक काडी मोडलेली जुनीच छत्री वापरतात, आणि नव्या छत्रीचं काय झालं म्हणून विचारलं तर "बघतों आहें" म्हणतात. भाजीबाजारात तर त्यांची चाहूल लागली की "रायर वराऽर!" अशी हाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. तिकडचे तमिळ लोक आपल्या मराठी माणसांना रायर म्हणतात. रायर आले, असा त्याचा अर्थ. आणि हाळी ऐकून बायका चांगली वांगी पोत्याखाली सरकवतात, कारण मामा वांगं कानाशी धरून टिचकी मारतात आणि उत्तराची वाट बघतात.

मलाही त्यांनीच निवडलं, हे इथं सांगायलाच हवं. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीनं तंजावरला येऊन पडलेला. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका मराठी घरातली मुलगी मला सांगून आली, तशी मामा चौकशीसाठी थेट साताऱ्याला माझ्या आईवडिलांकडे गेले आणि मलाही रजा टाकून तिथं यायला लावलं. पगार विचारला नाही, पत्रिका उघडली नाही. त्यांनी मला जिना चढायला लावला, उतरायला लावला, गोळीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला लावली, आणि बरोबर आणलेल्या डब्यातलं सांबार खायला घालून माझ्या कपाळावरच्या घामाकडे टक लावून बसले. मग माझ्या आईला म्हणाले, "मुलगा बेस आहे. उजवा खांदा जरा खालीं आहे, पण बसला कीं दिसत नाहीं." तेव्हापासून मी सासरी शक्यतो बसूनच असतो.

त्यांच्या मराठीची मला सवय व्हायला वेळ लागला. कुण्या काळी महाराष्ट्रातून निघताना बांधून घेतलेले शब्द त्यांनी तसेच जपलेले, त्यावर तमिळचा हेल, आणि अधूनमधून 'सेरी' म्हणजे 'बरं'. देवनागरी मात्र त्यांच्या घरात कुणालाच वाचता येत नाही. मी त्यांच्यावर हे लिहितो आहे ते त्यांना दिसलं तरी कळणार नाही, आणि वाचून दाखवलं तर पहिल्याच ओळीवर ते दुसरे शब्द बघायला मागतील. तेव्हा न दाखवणंच बरं.

मामींचं याच्या अगदी उलट. मामी दुपारी मागच्या ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडायला बसतात, आणि घरातला त्यांचा सगळा न्यायनिवाडा त्या सुपावरून चालतो. मामांची एखादी निवड फार लांबली की त्या वर न बघता म्हणतात, "ऐकलंत कां, तांदूळ निवडायचे ते शिजवायला." मामा यावर काही बोलत नाहीत, कारण त्यांना ठाऊक असतं की पुढचं वाक्य त्याहून वाईट आहे. ते पुढचं वाक्य असं, की मामांना स्वतःला कुणी निवडलंच नव्हतं. मामा मुलगी बघायला तिरुवैयारुला गेले तेव्हा मामींच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, चुलीपुढून एकदा मान वाकडी करून त्यांच्याकडे बघितलं आणि दूध उतू जायच्या आत परत वळल्या. "अक्का मज म्हणाली, होय म्हण. मी होय म्हणालें. तांदूळसुद्धां ह्याहून जास्ती निवडतों आपण." हे ऐकलं की मामा कानकोंडे होतात. सबंध आयुष्य ज्यानं दुनियेला ताजव्यात घातलं, त्याला कुणी न तोलता घेतलं हे त्यांना अजून पचलेलं नाही.

या अक्कांमुळेच गाडीचं प्रकरण निघालं. अक्का अजून तिरुवैयारुलाच असतात, नदीजवळच्या घरात, मुलाजवळ. दोघी बहिणी लहानपणी एकाच गुरूपुढे बसून गाणं शिकल्या. लग्नानंतर मामींचा नेम असा, की दर शुक्रवारी बस पकडून अक्कांकडे जायचं, दोन कीर्तनं, म्हणजे तिकडची पदं, म्हणायची, अंबट भात खायचा आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. मग मामींचे गुडघे गेले. बसची पायरी त्यांना डोंगराएवढी वाटायला लागली. टॅक्सी करावी, तर पेट्रोलच्या वासानं त्यांना गल्लीच्या कोपऱ्यावरच मळमळायला लागतं. शुक्रवार घरात जायला लागले, आणि तिकडे अक्का हळूहळू विसरायला लागल्या. आधी वार विसरल्या, मग शेजारणीचं नाव, मग जेवल्याचं. मामी फोनवर तासतास बोलायच्या आणि फोन ठेवला की गप्प बसायच्या. अक्कांनी आपल्याला विसरण्याआधी एकदा त्यांच्यासमोर जाऊन बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं. तेव्हा एक दिवस मामांनी जाहीर केलं, "धूर नाहीं, वास नाहीं अशी करंटची गाडी घेणार." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामी तर लगेच अक्कांसाठी लोणचं काढायला उठल्या.

पण टाळ्या वाजवताना आम्ही विसरलो होतो की मामांचे पूर्वज म्हणे तिथल्या मराठी राजांच्या पागेवर होते. खरे होते की नाही देव जाणे. तंजावरातल्या प्रत्येक मराठी घराचा एक पूर्वज राजांच्या अगदी शेजारी उभा असतो. मामांचा पागेत होता, आणि त्यानं घराण्याला एक तत्त्व देऊन ठेवलं होतं. मामांनी हात वर करून ते आम्हाला ऐकवलं, "आधीं पागा, मग घोडा." म्हणजे घरी चार्जर बसल्याशिवाय गाडी दारात येणार नाही. आणि चार्जर निवडायला हवा. मामींनी लोणच्याची बरणी परत फळीवर ठेवली.

मग मामांनी जे आरंभलं त्याला तपश्चर्याच म्हटलं पाहिजे. साडेतीन किलोवॅटचा की साडेसातचा? भिंतीवरचा की खांबावरचा? मोबाइलवर बोलणारा की मुका? मोबाइलवर बोलणारे चार्जर त्यांनी एका फटक्यात बाद केले. "पागेंतला माणूस घोड्याला दाणा घालून मज तार करत होता कां?" गावात ज्याच्या ज्याच्या दारात करंटची गाडी दिसली त्याच्या फाटकाशी मामा जाऊन उभे राहू लागले. एका दंतवैद्याकडे अशी गाडी होती. त्यानं मामांना फाटकाशी गाल चोळत उभं राहिलेलं पाहिलं आणि माणुसकीनं आत नेऊन खुर्चीवर बसवलं. मामांनीही संधी सोडली नाही. तोंडात आरसा असताना त्यांनी केबल किती लांब ते विचारलं, भूल चढताना पावसात काय करता ते विचारलं. ती मुलाखत त्यांना एका दाढेला पडली. घरी आल्यावर सुजलेल्या गालानं ते मला म्हणाले, "माप्पिळ्ळै, दाढ हालतच होती. पण केबल पांच मीटरची पाहिजे, हें कळलें." माप्पिळ्ळै म्हणजे जावई. काही विशेष महत्त्वाचं असलं की मामा मला तमिळमधून जावई करतात.

पुढे अर्थिंग आलं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, जमिनीत खड्डा घेऊन कोळसा आणि मीठ घालावं लागेल, आणि तिथं सतत ओल हवी. मामा अंगणभर अनवाणी फिरले आणि मामींच्या तुळशीपाशी येऊन थांबले, कारण तिथं रोज सकाळी तांब्याभर पाणी पडतं. मामी सूप खाली ठेवून उठल्या. "तुळशीच्या पायांशीं करंट? मी रोज प्रदक्षिणा घालत्यें, मज झटका बसला तर?" मामा म्हणाले, झटका बसू नये म्हणूनच हे सगळं. "मग मीठ कां घालता? लोणचें घालता आहांत कीं चार्जर?" अखेर तुळशीपासून दोन हात लांब खड्डा घ्यायचं ठरलं आणि पाणी दोघींना घालायचं ठरलं. मामी त्या खड्ड्याला जरा धाकटी तुळस समजूनच वागतात.

आता एवढं झाल्यावर चार्जर घ्यायला हरकत नव्हती. पण तिरुवैयारु हे गाण्याचं गाव, आणि त्याच्या जवळ राहणाऱ्या माणसाला कान असतो, हा मोठा शाप आहे. मामांनी शोरूममध्ये चार्जर गाडीला लावून दाखवायला सांगितलं. विक्रेता बिचारा सज्जन, त्यानं लावला. बारीक घूं असा आवाज सुरू झाला. मामांनी पिशवीतून श्रुतिपेटी काढली. मामी गाताना मागे लावतात ती. आसपासची गिऱ्हाइकं जमली. मामा डोळे मिटून कधी पेटीला कान लावत होते, कधी भिंतीला. मग त्यांनी खेदानं मान हलवली. मामींचा षड्ज पाच पट्टीचा आणि हा साडेचारला कुठंतरी रेंगाळतो आहे. सकाळी गाडी चार्जिंगला आणि मामी गायला एकदम बसल्या तर घरात अधर्म होईल. विक्रेता अजिजीनं म्हणाला, "सार, आवाज चार्जरचा नाही. गाडीचा आहे." मामा बराच वेळ त्या गाडीकडे बघत राहिले, मग तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.  बाहेर आल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे आतां घोडासुद्धां निवडावा लागणार." त्या विक्रेत्यानं दारापर्यंत येऊन आम्हाला निरोप दिला आणि आम्ही वळल्यावर आतून कडी लावली, असं मला तरी ऐकू आलं.

तर असं ते चाललं होतं. मी मामींना हसत हसत या सगळ्या गमती सांगायचो, मामीही हसायच्या. एका शुक्रवारी मी असाच मामांकडे गेलो होतो. मामा तिण्णैवर, म्हणजे दारातल्या ओट्यावर, बसून दोन चार्जरांच्या चित्रांकडे एक डोळा मिटून बघत होते. आतून मामींच्या फोनवर बोलण्याचा आवाज येत होता, तो फार लवकर थांबला. मग सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज आला. मामा उठून आत गेले, त्यांच्यामागे मी. मामी खाली मान घालून तांदूळ निवडत होत्या. बोटं चालली होती, पण खडा एकही बाजूला पडत नव्हता.

"अक्का आज मज पुसली, तूं कोण म्हणून," मामी म्हणाल्या. "मी सांगितलें. परत पुसली."

मामांच्या हातात अजून ती दोन चित्रं होती.

"तुम्ही निवडा सावकाश," मामी म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या खरोखरच समजूत घातल्यासारखं बोलल्या, आणि ते मला तिथं उभं राहून ऐकवेना.

मामांनी खुंटीवरचा सदरा काढला आणि मला म्हणाले, "चला." शोरूममध्ये त्यांना बघून विक्रेता जागचा उठला आणि सवयीनं म्हणाला, "सार, गाडी सुरू करू? पेटी आणलीत?" मामांनी समोरच्या भिंतीवरच्या पहिल्या चार्जरकडे बोट केलं. "हा." मग दाराशी दिसेल त्या गाडीकडे बोट केलं. "आणि ती." विक्रेत्यानं रंग कुठला म्हणून विचारलं. मामा म्हणाले, "आहे तो." जो होता तो पिकलेल्या पपईचा होता. ती गाडी गिऱ्हाइकांना लांबून दिसावी म्हणून ठेवलेली असावी, घ्यावी म्हणून नव्हे. मामांनी तिच्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. मला त्या क्षणी मामांबद्दल एवढी माया वाटली की मी खांदा सरळ करून उभा राहिलो.

कागदपत्रं होऊन गाडी दारात आली आणि पूर्वी गाय बांधायची त्या जागी चार्जर लागला, तेव्हा उघडकीला आलं की केबल आखूड आहे. ज्या माणसानं एका दाढेच्या मोबदल्यात पाच मीटरचं ज्ञान मिळवलं होतं, त्यानं घेताना मोजलंच नव्हतं. केबल पोचवायची तर गाडीचं तोंड थेट तुळशीला भिडवावं लागतं आणि शेपूट गल्लीत राहतं. रिक्षावाले हॉर्न वाजवतात. मामींना आता तुळस, धाकटी तुळस आणि पपई अशा तिघींना मिळून प्रदक्षिणा घालावी लागते. आवाजही साडेचारलाच लागतो. मामी म्हणतात, वयानं माझी पट्टीही तिथंच आली आहे.

पहिल्या शुक्रवारी मीही बरोबर होतो. मामा खात्याची जीप चालवायचे, त्यामुळे गाडी त्यांनीच चालवली. रस्त्यातला कोणता खड्डा टाळायचा आणि कोणता घ्यायचा याची त्यांनी इतकी बारकाईनं निवड केली की गावच्या बसगाड्या आम्हाला मागे टाकून पुढे गेल्या. एकामागून एक पूल आले, भाताची खाचरं आली. मामींनी काच खाली करून मोठा श्वास घेतला, वास कुठला येतो का ते बघितलं आणि मग हलकंच गुणगुणायला लागल्या. त्यांच्या मांडीवर लोणच्याची बरणी होती.

अक्का झोपाळ्यावर बसल्या होत्या. मामी त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या, हात हातात घेतला, बरणी दाखवली. अक्कांनी बरणीकडे बघितलं, मामींकडे बघितलं, आणि कुणा परक्या बाईशी हसावं तसं सभ्यपणे हसल्या. मामींचा चेहरा मला बघवेना. मामा दारातच उभे राहिले होते, कमरेला धुतलेली वेष्टी, हातात मोडक्या काडीची छत्री, आत यावं की नाही अशा पावलांनी. अक्कांची नजर फिरत फिरत त्यांच्यावर गेली. त्यांनी मान वाकडी करून बघितलं. मग मामींना जवळ ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "मुलगा बेस दिसतो आहे गे. जास्ती निवडत बसूं नको. होय म्हण."

मामींनी अक्कांचा हात दोन्ही हातांत धरला. "सेरी, अक्का," त्या म्हणाल्या. "होय म्हणत्यें."

मामा एकदम भिंतीकडे वळले. तिथं एक जुना स्विचबोर्ड होता. ते त्याच्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्या घराचें अर्थिंग बेस आहे हो, माप्पिळ्ळै." मी होय म्हणालो.

तेव्हापासून दर शुक्रवारी ती पपई तिरुवैयारुला जाते. अक्कांना मागचा शुक्रवार आठवत नाही, त्यामुळे मुलगा दर वेळी नव्यानं बघायला येतो. मामा सकाळपासून तयारीला लागतात. वेष्टीला इस्त्री करतात, मिशा कातरतात, मलाच विचारतात, "खांदा सरळ आहे कीं?" मग दारात त्याच जागी जाऊन उभे राहतात आणि अक्का त्यांना निवडतात.  परवा परतताना पुलावर आल्यावर ते म्हणाले, "आज वेळ लागला. बघतच राहिली मज." मामी मागून म्हणाल्या, "शेवटीं होय म्हणाली कीं नाहीं?" मामांनी मान हलवली. एखाद्या शुक्रवारी अक्का नुसत्या बघत राहतील आणि काहीच म्हणणार नाहीत, हे गाडीतल्या आम्हा तिघांनाही कळत होतं. थोड्या वेळानं मामींनी पुढे वाकून मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ती नाहीं म्हणाली तर मी आहें कीं. मज सवय आहे."